स्टोव्ह कंपनीचे पाचशे शेअर

अण्णा,

तू गेल्याला आज एकोणीस दिवस झाले, तरी तुझ्यावरचा माझा राग उतरायला तयार नाही. भेटायला येणारे माझं तोंड बघतात आणि हळू आवाजात वहिनीला म्हणतात, बहिणीनं फारच मनाला लावून घेतलंय. घेतलंयच. पण त्यांना वाटतं तसं ते सगळं दुःख नाही, त्यात निम्मा वैताग आहे. बारा वर्षं चाललेलं भांडण असं अर्धवट टाकून कुणी निघून जातं का रे?

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तुझ्या नावानं एक जाड पाकीट आलं. वहिनीनं ते फोडलं नाही. माझ्या हातात देत म्हणाली, "वन्सं, तुमच्या दोघांचं दिसतंय, तुम्हीच बघा." मी बघितलं. मिरजेच्या पलीकडची तुझी ती लाडकी स्टोव्ह कंपनी. मालकांनी लोकांकडचे सगळे शेअर परत विकत घ्यायचं ठरवलंय. शेअरला छत्तीस रुपये देणार आहेत. महिनाअखेरपर्यंत जे देतील त्यांना पैसे मिळतील, मग कंपनी शेअरबाजारातून उठणार. ज्यांनी दिले नाहीत त्यांनी ते कागद पेटीत घालून ठेवावेत, कारण पुढे घेणारं कुणी नाही.

सोबत फॉर्म होता. सहीसाठी दोन रेघा, पहिली तुझी, दुसरी माझी. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं, की दोन नावांपैकी एक मयत असल्यास दुसऱ्या एकट्याची सही चालेल, मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडावी.

म्हणजे बघ. बारा वर्षं मी तुझी एक सही मागत होते आणि तू दिली नाहीस. आता ती लागतच नाही म्हणे. याला मी भांडण जिंकले म्हणायचं असेल तर असलं जिंकणं तुझं तुलाच लखलाभ होवो.

पहिल्यापासून सांगते. तुला सगळं माहीत आहे, पण तू ते नेहमी तुझ्या सोयीनं सांगायचास, म्हणून एकदा माझ्या तोंडून ऐक.

अप्पांनी आपल्या दोघांच्या नावानं बँकेत बेचाळीस हजार ठेवले होते. तू तुझ्या संसारासाठी त्याला कधी हात लावला नाहीस, आणि मी एकटी, मला शाळेचा पगार पुरत होता. ब्याण्णव साली उन्हाळ्याच्या तोंडाला तुमच्या डी.सी. ऑफिसात, म्हणजे कलेक्टर कचेरीत, शेअरची साथ आली. शिपायापासून शिरस्तेदारापर्यंत सगळे बाकीची कामं सोडून भाव बोलायला लागले. तू सगळ्यांत शेवटी जागा झालास. एक दिवस मधल्या सुट्टीत धारवाडहून थेट हुबळीला लॅमिंग्टन रोडवर, माझ्या शाळेच्या व्हरांड्यात हजर. घामाघूम, खिशाला शाईचा डाग.

"शकू, इथं सही कर. कंपनी तीस टक्के डिव्हिडंड देते. बँक काय देते तुला?"

माझ्या हातात आठवीच्या पेपरांचा गठ्ठा होता. त्या गठ्ठ्यावर फॉर्म ठेवून मी सही केली. वरून तुला म्हटलं, जेवून आलास का.

आठवीला शेकडेवारी शिकवणारी बाई मी. तीस टक्के कशावर, एवढं विचारायला मला काय झालं होतं? ते तीस टक्के शेअरच्या छापील किमतीवर होते, म्हणजे दहा रुपयांवर. शेअरला तीन रुपये. आणि आपण तो घेतला होता चौऱ्याऐंशीला. साडेतीन टक्के पडले, बँकेत त्याच्या तिप्पट मिळत होते. पहिला डिव्हिडंड आला तेव्हा मी हे सगळं वहीच्या मागच्या पानावर मांडून तुझ्यासमोर धरलं. तू चष्मा लावून नीट वाचलंस आणि म्हणालास, "हे तुझं गणित झालं. कंपनी तीस म्हणते की नाही? छापलंय की हे बघ." त्या दिवशी मला कळलं की हे प्रकरण लांबणार आहे. शिवाय आपण घेतले आणि तीन आठवड्यांत बाजार कोसळला, ते वेगळंच.

पण माझे हातपाय खरे बांधले गेले ते भाऊबीजेला. कंपनीचा डिव्हिडंड दिवाळीच्या आधी यायचा, पहिलं नाव तुझं म्हणून तुझ्याकडे यायचा. दीड हजार. त्यातले माझे साडेसातशे तू पाकिटात घालून ठेवलेस, भाऊबीजेला टोपी घालून पाटावर बसलास, मी ओवाळलं आणि तू ते पाकीट माझ्या ताटात टाकलंस.

"अरे, हे माझेच पैसे आहेत," मी म्हटलं.

"मग कुणाचे घालू?"

सगळे हसले, मीही हसले. आणि पुढच्या वर्षी परत तेच. जगात दुसरी कुठली बहीण असेल जिला भाऊ तिच्याच पैशांची ओवाळणी घालतो? आणि पाकिटाच्या तोंडाला हळदीकुंकवाचं बोट लावून! शेअर विकूया म्हटलं की तू लगेच विचारायचास, "मग भाऊबीजेला काय घालू?" जसं काही कंपनी बंद पडली तर भावाबहिणीचं नातंच बंद पडणार होतं. ताट हातात, निरांजन पेटलेलं, तुझा मिलू पाटाशी बसून करंजीवर डोळा ठेवून. अशा वेळी कुणी भांडायचं कसं?

चौऱ्याण्णवला भाव एकशे दहावर गेला. मी शाळेसमोरच्या बूथवरून तुझ्या ऑफिसात फोन लावला, मागे चार माणसं रांगेत होती. म्हटलं, अण्णा, देव पावलाय, विकून टाकूया, अप्पांचे पैसे वाढून परत येतील. तू पलीकडून म्हणालास, "इरलि बिडु." राहू दे, सोड. या दोन कानडी शब्दांत तू माझी बारा वर्षं गुंडाळलीस. भाव चढला की इरलि बिडु, अजून चढेल. पडला की इरलि बिडु, आता पडत्यात कशाला विकायचे. कुठल्या भावाला विकायचे असतात ते मला एकदा तरी सांगायचं होतंस.

बरं, कंपनी करायची काय, तर वातीचे रॉकेलचे स्टोव्ह. तुझ्या स्वतःच्या घरात गॅस होता. त्याच वर्षी दुसरा सिलिंडर मिळावा म्हणून तू चार खेपा घातल्या होत्यास. मी म्हटलं, अरे, जी वस्तू तुझी बायको घरात वापरायला तयार नाही, तिच्या कंपनीत तू अप्पांचे पैसे ठेवतोस? तर तू मला रविवारी बसमध्ये घालून अमरगोळच्या मार्केट यार्डात घेऊन गेलास. कांद्यामिरचीची पोती, खाकरणारे हमाल, आणि मधूनमधून चहाच्या गाड्या. तू बोट दाखवत गाड्या मोजल्यास. सात गाड्यांवर आपल्याच कंपनीचे स्टोव्ह. "यांना कोण गॅस देणार आहे? चहा पिणारा हमाल आहे तोवर आपली कंपनी आहे." खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला ते पटलं. चार वर्षांनी परत गेलो तेव्हा सातांतल्या पाच गाड्यांवर छोटे सिलिंडर होते. तू तेव्हा मोजले नाहीस. मी मोजले.

सभेचा तर विषयच काढायला नको. दरवर्षी कंपनीच्या वार्षिक सभेला तू मिरजेच्या गाडीनं जायचास, रजा टाकून. जेवण आणि प्रत्येक शेअरहोल्डराला एक स्टोव्ह भेट. वहिनीच्या माळ्यावर सात नवेकोरे स्टोव्ह झाले होते. आठवा तू अमरगोळच्या एका चहावाल्याला दिलास आणि पुढच्या महिन्यात ऐटीत विचारायला गेलास, कसा चाललाय. तो म्हणाला, "बत्ती सरि इल्लरी अण्णार, होगी भाळ." वात धड नाही, धूर फार. तुझा चेहरा असा पडला की जणू त्यानं मिलूलाच नावं ठेवली.

त्याच्या पुढच्या सभेला मी तुझ्याबरोबर आले. म्हटलं, बघू तरी आपला पैसा कुठं राहतो. चारशे खुर्च्यांचा हॉल, माणसं पन्नास-साठ, त्यातली निम्मी जेवणाच्या वासाकडे तोंड करून बसलेली. स्टेजवरचे म्हातारे चेअरमन म्हणाले, आपण सर्व या कंपनीचे मालक आहात, काही विचारायचं असेल तर विचारा. आणि तू उठलास. तू, जो ऑफिसात साहेबाच्या टेबलाशी तीस वर्षं फाईल छातीशी धरून उभा राहिलास, ज्यानं आयुष्यभर पत्राखाली आपला आज्ञाधारक असं लिहिलं, त्या तुझ्या हातात कुणीतरी माईक दिला.

"मी धारवाडहून आलोय. अमरगोळच्या यार्डात आपला माल चालतो. पण वात नीट बसत नाही, धूर होतो, गिऱ्हाईक नाराज आहे. ह्याचं काय करणार ते सांगा."

चेअरमननी पेन काढलं आणि शेजारच्याला म्हणाले, धारवाडच्या मालकांचा मुद्दा लिहून घ्या. तू खाली बसलास. दोन्ही हात तू मांडीखाली दाबून धरलेस. मला सगळं दिसलं आणि सगळं कळलं, आणि ते कळल्याचाच मला जास्त राग आला. कारण भावाशी आणि टक्केवारीशी मी भांडू शकत होते. याच्याशी काय भांडणार?

परत येताना गाडीत मी तरीही प्रयत्न केला. म्हटलं, वात वाईट आहे हे तूच भर सभेत सिद्ध केलंस, मग आता तरी विकूया. मांडीवरचं नव्या स्टोव्हचं खोकं सावरत तू म्हणालास, "मालक दोष सांगतो शकू. विकून पळत नाही." तेव्हा भाव पंचावन्नवर होता.

आणि मग उणकलचा प्लॉट. यावर आपण नंतर कधीच बोललो नाही, आता बोलूया.

हुबळीबाहेर, धारवाडच्या वाटेवर, उणकल तळ्याच्या अलीकडे प्लॉट पडत होते. माझ्या शाळेतल्या बाईंनी एक दाखवला, तीस बाय चाळीसचा, समोर कडुलिंब. जागेचा मालक गावातलाच म्हातारा शेतकरी. त्याला माझी कणव आली असावी, म्हणाला, "टीचर, तिंगळ कडीतनक कायतीन्री." महिना संपेपर्यंत थांबतो. भाड्याच्या दोन खोल्यांत माझी वीस वर्षं गेली होती. नळ घरमालकाच्या मर्जीनं, पाहुणे घरमालकाच्या मर्जीनं. मी फंडातून काढायचे तेवढे काढले, विसाराला दहा हजार कमी पडत होते. शेअरचा भाव तेव्हा चाळीस होता. विकले असते तर माझ्या वाटचे बरोबर दहा हजार आले असते. देवानं गणित जुळवून माझ्यापुढं ठेवलं होतं.

मी फॉर्म घेऊन धारवाडला आले. माझी सही आधीच करून आणली होती. तू फॉर्म बघितलास, घडी घातलीस आणि म्हणालास, "चौऱ्याऐंशीला घेतलेले चाळीसला द्यायचे? अप्पांचे निम्मे पैसे पाण्यात घालू? दहा हजार मी देतो तुला माझ्याकडचे. सावकाश परत कर, नाहीतर करू नको. पण हे नको."

मला तुझे नको होते अण्णा, माझे हवे होते. हा फरक तुला कळला नाही, आणि तू देतोयस ते मुकाट्यानं घ्यावं हे मला कळलं नाही. वहिनी चहा घेऊन आली होती, तिच्यादेखत मी बोलले. "अप्पांच्या पैशांवर तू मालक मालक खेळतोयस," असं मी बोलले. तू इरलि बिडुसुद्धा म्हणाला नाहीस. फॉर्म माझ्या पिशवीत ठेवलास आणि मला बसस्टँडपर्यंत सोडायला आलास, वाटेत भाजी स्वस्त झालीय वगैरे सांगत.

प्लॉट गेला. तिथं आता कुणाचं तरी दुमजली घर आहे, गच्चीवर टाकी. धारवाडच्या बसनं येताजाता ते दिसतं. त्या वर्षी भाऊबीजेला मी आले नाही, शाळेत पेपर आहेत असं सांगितलं. दिवाळीच्या सुट्टीत कुठल्या शाळेत पेपर असतात, असं तू एकदाही विचारलं नाहीस.

पुढच्या वर्षी आले. काही झालंच नाही असं तू टोपी घालून पाटावर बसलास. ते वाक्य मी तेव्हा परत घ्यायला हवं होतं. घेतलं नाही. तीस टक्क्यांचे दहा झाले होते, पाकिटात अडीचशे होते. मग कंपनीनं डिव्हिडंड देणंच बंद केलं, एक वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं. आणि तरी पाकिटात अडीचशे! मी कंपनीचा अहवाल पानन्‌पान वाचत होते रे, त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं की यंदा काही नाही. विचारलं तर म्हणालास, "थोडं थोडं देतात ते. जुन्या माणसांना." जुन्या माणसांना! पेन्शनीतून काढून तू कंपनीची अब्रू झाकत होतास. डिव्हिडंड बंद झाला, आता तरी विक, हा माझ्याकडचा शेवटचा मुद्दाही तू असा खिशातले पैसे घालून मोडून टाकलास. याला लबाडी म्हणतात अण्णा. भांडणात असं करायचं नसतं.

लोकांनी शेअर कॉम्प्युटरवर चढवून घेतले, तू घेतले नाहीस. कागद हातात असलेला बरा म्हणालास. भाव बारावर गेला. मी बोलायचं सोडून दिलं. मग कधीतरी तो रडतखडत एकतीसपर्यंत आला आणि तुझं दुखणंही त्याच सुमाराला आलं.

हुबळीच्या दवाखान्यात तू होतास, म्हणून दिवसा मी बसायची आणि रात्री वहिनी. छातीत पाणी झालेलं, चार शब्द बोललास की धाप. पेपर वाचायला डोळे साथ देत नव्हते. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी तू विचारलंस, "शकू, आपला भाव काय?"

पेपर माझ्या मांडीवर होता. एकतीस छापलेलं मला दिसत होतं. मी म्हटलं, "बावन्न."

तुझे डोळे असे उघडले! "बघ. म्हणालो नव्हतो?"

"म्हणाला होतास."

बारा वर्षांत मी पहिल्यांदा मान्य केलं. मला वाटलं, जाऊ दे, माझं काय जातंय. खरं तर उणकलच्या वेळचं ते वाक्य मला परत घ्यायचं होतं, आणि ते घेण्याची हीच एक रीत मला सुचली. दोन दिवसांनी तू परत विचारलंस. मी चौपन्न केले. गणिताच्या बाईला खोटं बोलायचं म्हटलं तरी ते हळूहळूच चढवता येतं.

मग म्हणालास, "आण फॉर्म. सही करतो. तुला विकायचे होते ना?"

आता मी काय करावं, सांग. बारा वर्षं ज्या सहीसाठी जीव टाकला ती तू आपण होऊन देत होतास, आणि चौपन्न मी माझ्या मनानं केलेले. विकायला गेले असते तर हातात एकतीसच्या हिशेबानं पैसे आले असते आणि तू पाकिटातल्या नोटा मोजल्या असत्यास. मी म्हटलं, "कशाला एवढी घाई? राहू देत की. अजून चढेल."

तू माझ्याकडे बघत राहिलास. मग म्हणालास, "बरं." आणि कुशीवर वळलास. मला वाटलं, सुटले.

काल मी फॉर्म घेऊन धारवाडला गेले. कायद्यानं आता माझी एकटीची सही चालते, पण निम्मे पैसे तुझे, म्हणजे वहिनीचे. तिला विचारल्याशिवाय मी काही करणार नव्हते. तिनं चष्मा लावून पत्र वाचलं, आकड्यावर बोट ठेवलं आणि थांबली.

"छत्तीस? वन्सं, हे तर चौपन्न म्हणत होते की हो. तुम्हीच सांगितलं म्हणाले."

मला जमीन फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं. एवढ्या वर्षांत त्या घरात पैशाच्या बाबतीत माझ्या शब्दावर कुणी संशय घेतला नव्हता. भाव मध्यंतरी पडला असं सांगता आलं असतं. तिला कुठं माहीत होतं? पण एका खोट्यानं पुरे झालं होतं. मी सगळं सांगितलं. भाव एकतीस होता, चौपन्न कधीच नव्हता, अण्णाला बरं वाटावं म्हणून मी थापा मारल्या, तो सही देत होता आणि मीच विकू नको म्हटलं. वहिनी, रागावायचं तर रागवा, पण आता छत्तीस देतायत, महिनाअखेरपर्यंतच देतायत, आणि मला वाटतं विकून टाकावेत.

वहिनी चष्मा काढून पदरानं पुसत बसली. मला वाटलं, झालं, आता हे घरही गेलं.

मग ती म्हणाली, "म्हणून म्हणाले होय ते."

"काय म्हणाले?"

"त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही गेलात, मी आले. तर मला म्हणतात, शकू आज विकू नको म्हणाली. आता माझं काही खरं नाही, मिलूला बोलावून घे. मला वाटलं, औषधाच्या गुंगीत काहीतरी बडबडतायत. शेअरचा आणि मिलूचा काय संबंध? पण हट्टच धरला, म्हणून केला फोन बंगळूरला."

मिलू दुसऱ्या दिवशी सकाळी पोचला आणि त्याच रात्री तू गेलास. आम्हाला सगळ्यांना वाटलं होतं, काय नशीब पोराचं, बापाशी अख्खा दिवस बोलायला मिळाला.

वहिनी रडली, मीही रडले. मग तिनंच पेन आणून दिलं. मी फॉर्मवर माझ्या रेघेवर सही केली, तुझ्या दाखल्याची प्रत टाचली आणि आज सकाळी रजिस्टर पोस्टानं पाठवून दिलं. पैसे येतील तेव्हा निम्मे तिचे. विकले अण्णा. झालं एकदाचं.

पण एक सांग. मी एकदा, फक्त एकदा नको म्हटलं, तर त्यावरून तुला तुझं मरण कळलं. माझ्या समाधानासाठी तू बरं म्हणून कुशीवर वळलास आणि मला शेवटपर्यंत काही कळू दिलं नाहीस. अरे, बहिणीचं तोंड एवढं वाचता येत होतं तुला, मग तो एक बाजार तेवढा का रे वाचता आला नाही?